न उसवलेला गाऊन

४ नोव्हेंबर

दुपारी पोहोचले. घर बघताक्षणी आवडलं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि अरुंद गॅलरी. समोर लाकडाची वखार आहे. दिवसभर करवत चालू असते आणि ताज्या भुशाचा वास घरात येतो. ताई फोनवर त्या करवतीला नावं ठेवायची, मला मात्र तो आवाज सोबतीसारखा वाटला.

बिट्टी जिन्यातच बसून होती. मला बघून आधी लाजली, मग माझी बॅग ओढायला लागली. भावोजी म्हणाले, हमाल चांगला आहे, फक्त मजुरीत गोळी लागते आणि अर्ध्या जिन्यात संप करतो. खरंच तिने संप केला. मी गोळी दिली. पुढचा जिना आम्ही दोघी मिळून चढलो.

सहा वर्षांची झाली, पण हनुवटी अजून ताईचीच. मी फार बघत बसले नाही.

उद्यापासून दवाखान्यातल्या औषधांच्या दुकानात कामावर जायचं. बदली मागून घेतली तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं. आता बिट्टी बाजूच्या खोलीत माझ्या चपला घालून फटफट चालतेय. आल्याचं बरं वाटतंय.

७ नोव्हेंबर

काम बेताचं आहे. दोन वाजता सुटते आणि शाळेतून बिट्टीला घेऊन येते.

ती झोपत नाही. ताई उन्हाळ्यात गेली तेव्हापासून असंच, असं भावोजी म्हणाले. ताईचा निळ्या ठिपक्यांचा घरातला गाऊन उशीखाली घेते आणि डोळे टक्क उघडे ठेवून पडते. दुपारीही तेच. गाऊन धुवायला काढला की रडून घर डोक्यावर घेते. भावोजींना ताईचं कपाट रिकामं करायचंय. मला म्हणाले, तूच कर, माझ्याने दार उघडवत नाही.

खालच्या मजल्यावर एक बाई गोधड्या शिवतात. सगळी गल्ली त्यांना टाकेकाकू म्हणते. त्यांनीच सुचवलं की ताईच्या कपड्यांची गोधडी शिव पोरीसाठी. कपाटही मोकळं होईल आणि आईचं पांघरूणही होईल. मला फक्त बटण लावता येतं, असं मी म्हणाले. त्या म्हणाल्या, तेवढं पुष्कळ झालं, माझ्या नवऱ्याला तर बटण कुठल्या बाजूला असतं तेही शेवटपर्यंत कळलं नाही.

११ नोव्हेंबर

आज कपाट उघडलं. जमेल असं वाटलं नव्हतं, पण जमलं. सुती साड्या, दोन कुर्ते, एक जुनी चादर. एका कुर्त्याच्या खिशात बसचं तिकीट होतं. ते परत तिथेच ठेवलं आणि मग कुर्ता उसवायचा म्हणून पुन्हा काढलं.

टाकेकाकू शिकवतात आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवतात. हातभर दोरा घे, गल्लीभर नको. रागात असशील तर सुई धरू नकोस. शिवण कडेपासून धरायची आणि फेऱ्या घेत मध्यावर संपवायची. आणि माणूस गेलेलं असेल तर त्याचा प्रत्येक कपडा आधी पूर्ण उसवायचा. बाह्या, गळा, खिसे, सगळं सुटं करायचं. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, माझी सासू सांगायची, आणि सासूला कारण विचारलं की ती सुई दाखवायची.

उसवणं मला आवडलं. ताईने शिवणीत जिथे जिथे घट्ट टाके घातले होते, तिथे हात आपोआप हळू चालतो.

१६ नोव्हेंबर

वरचा आणि खालचा पदर झाला. आत साड्यांचे थर अंथरले. राहिला तो ठिपक्यांचा गाऊन. गोधडीत घालते म्हटल्यावर बिट्टीने तो स्वतःच आणून दिला.

तो नीट उसवायला घेतला होता. काखेतल्या शिवणीला कात्री लावली आणि थांबले. कापड तिथे पातळ झालं होतं. ताईच्या अंगाचा वास अजून होता, किंवा मला तसं वाटलं. मग वाटलं, हा अख्खाच ठेवू. थरांच्या मधे सपाट पसरला. दोन्ही बाह्या बाजूंना उघड्या ठेवल्या, कुणी लेकराला जवळ घ्यायला हात पसरावेत तशा. बिट्टी त्याखाली झोपेल आणि आईने मिठी मारल्यासारखं होईल.

वरून पदर टाकला आणि शिवायला बसले. काकूंना काही बोलले नाही. त्यांना काय, त्या शंभर नियम सांगतात.

२३ नोव्हेंबर

गोधडी झाली. माझे टाके बघून काकू म्हणाल्या, मुंग्या दारू पिऊन निघाल्यासारखे दिसतात, पण धरतील. पाठीवर थाप मारली तेव्हा मला फार बरं वाटलं.

बिट्टीने गोधडी अंगावर घेतली आणि दुपारी तिथल्या तिथे झोपली. भावोजी कामावरून आले तर घरात शांतता. घाबरून आत धावले. मग दारात उभे राहून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मला म्हणाले, तू आमच्यावर उपकार केलेस. मी चहा टाकायला उठले.

२७ नोव्हेंबर

बिट्टी छान झोपते. सकाळी उठवणंच कठीण झालंय. गालावर टाक्यांचे वळ उमटलेले असतात. म्हणते, आई घट्ट धरते.

तिला तसंच वाटावं म्हणून तर शिवली. तरी ऐकून मी फणी खाली ठेवली.

३० नोव्हेंबर

सकाळी गोधडीची घडी करायला घेतली. घडी नेहमीसारखी बसेना. मधे काहीतरी जाड लागलं. पलंगावर पसरून हाताने चाचपली. बाह्या मी दोन कडांना पसरल्या होत्या, हे मला पक्कं आठवतं. आता दोन्ही मध्यावर आहेत, एकीवर एक.

टाके तपासले. एकही तुटलेला नाही. माझेच वाकडेतिकडे टाके, त्या बाहीच्या आरपार गेलेले. टाके न तुटता आतलं कापड सरकणं शक्य नाही. मी पुन्हा चाचपलं.

बिट्टी दारात उभी होती. म्हणाली, मावशी, तिला उठवू नकोस.

२ डिसेंबर

गोधडी धुतली. वाटलं, पाण्याने सगळं जागच्या जागी येईल. गॅलरीच्या कठड्यावर टाकली. चांगलं ऊन होतं, वखारीतली करवत चालू होती, खाली काकू भाजीवाल्याशी वाद घालत होत्या.

चारी कडांनी पाणी टपकत होतं. मध्यावर हात ठेवला. तिथे कोरडं होतं. कोरडं आणि कोमट. गळ्यापासून घोट्यापर्यंत, बाईच्या आकाराचं.

बिट्टी शाळेत गेली नाही. गोधडी वाळेपर्यंत कठड्याखाली बसून राहिली, कापडाला गाल लावून.

५ डिसेंबर

बिट्टी जेवत नाही. दूध तोंडापाशी नेलं की म्हणते, आईने दिलं. हातपाय गार. डॉक्टरांनी तपासलं, अशक्तपणा म्हणाले, औषध लिहून दिलं. माझ्याच दुकानातून आणलं.

परवा तिचा दात पडला. मी डबीत ठेवला होता, डबी आज रिकामी. गोधडीत गाऊनच्या खिशाची जागा मला माहीत आहे. तिथे बोट दाबलं. बारीक, कडक काहीतरी आहे.

चारी बाजूंनी शिवलेली आहे. मीच शिवली आहे.

६ डिसेंबर

काकूंना सगळं सांगितलं. गाऊन उसवला नाही, हेही. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, उसवलं की ते नुसतं कापड राहतं गं. बाही बाहीच राहू दिलीस तर ती हात मागणार. पुढे म्हणाल्या, सासू एवढंच सांगायची, पुढचं मला ठाऊक नाही. घरी जा आणि काढून टाक.

दुपारी पलंगावर बसले. बिट्टी स्वयंपाकघरात चित्र काढत होती. बाहीवरचा पहिला टाका कापला. आतून ती ओरडली, मावशी, हात. मी धावले. मनगटावर लाल रेघ होती, दोऱ्याएवढी. योगायोग असेल म्हणून परत आले आणि दुसरा कापला.

दुसरी रेघ.

कात्री कपाटात ठेवून कुलूप लावलं.

८ डिसेंबर

काकू म्हणतात, पोरीला आधी लांब पाठव, मग उसव. त्यांचाही हा अंदाजच.

भावोजींना जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं. म्हणाले, तूही थकली आहेस, तुझ्या ताईसारखी सगळं अंगावर घेतेस. बिट्टीला स्वतःच्या आईकडे घेऊन निघाले. हवापालट होईल म्हणाले. ती गोधडीसाठी हातपाय झाडत होती. मग एकदम थांबली. त्यांच्या खांद्यावर मान टाकून माझ्याकडे बघत राहिली. बस वळेपर्यंत.

९ डिसेंबर

सकाळी भावोजींचा फोन. बिट्टी उठत नाही. श्वास आहे, पण उठत नाही. डॉक्टर बोलावलेत.

मी गोधडी मांडीवर ओढली. ती तिकडे आहे, आता कापू, म्हणून. कात्री हातात घेतली आणि फोन परत वाजला. डोळे उघडले म्हणाले. पाणी मागितलं.

गोधडी बाजूला केली. जरा वेळाने परत फोन. पुन्हा गार पडली.

परत मांडीवर घेतली.

मला कळलं. ताईला कुणाला तरी धरायचंय. कुणालाही नाही. आपल्या माणसाला.

१० डिसेंबर

अंगावर घेऊनच बसले आहे. कामावर कळवलं नाही. फोनवर बिट्टीचा आवाज ऐकला. आजीशी भांडत होती, अंडं नको म्हणून. भांडत होती. मी तोंडावर हात धरून ऐकलं.

उसवायला हवं. पण कात्री लावली तर तिच्या हातावर—लांब असली तरी. करून बघायची हिंमत नाही.

आणि ही गोधडी गरम आहे. ताई लहानपणी मला अशीच जवळ ओढून घ्यायची, पाठीमागून. बरं वाटतं. हे लिहायला लाज वाटते.

११ डिसेंबर

काल कधीतरी आत गेला हात. टाक्यांच्या मधून. मी घातला नाही.

डाव्या हाताने लिहितेय. उजवा बाहीत आहे. ओढला तर निघत नाही. दुखतही नाही. पदरावर माझे टाके होते तिथे आता बारीक, सरळ टाके आहेत. ताईचे—ती असेच घालायची—

बिट्टी धावतेय म्हणाले भावोजी. अंगणात. उद्या तिला घेऊन येतो म्हणाले. मी नको म्हणाले. जोरात म्हणाले, पण तोंडावर कापड होतं—ऐकू गेलं नसेल—

सकाळ

काकू दार वाजवत होत्या. हाका मारल्या. उत्तर देता आलं नाही. दाराबाहेरून म्हणाल्या, भावोजी आले की त्यांच्याकडची किल्ली घेते, घाबरू नकोस, मीच येते मोठी कात्री घेऊन, एका दमात उभी चिरते. गेल्या त्या.

मधे कोरडं आहे. पाय दिसत नाहीत. दुसरी बाही पाठीवरून आली, आता या हाताशी—

भावोजी, वही उघडी ठेवते. आधी हे वाचा. बिट्टीला खालीच थांबवा. काकूंना धरून ठेवा, कात्री लावू देऊ नका, कुठल्याच टाक्याला नाही. आत ताई एकटी नाही. आत आता मी—