मागचं दार चिणलं

९ फेब्रुवारी
दुपारी गवंड्याने मागच्या दारात चिरे लावले आणि माझं सगळं तिथेच फिरलं. मी सकाळपासून मांडवीच्या जेटीवर चहा पीत होतो. आलो तर दाराच्या जागी भिंत, सिमेंट ओलं. मागची पडवीही पाडलेली. बाबांचंच काम. बोटीवरून सुट्टीवर आलेत, कोणीतरी कान भरलेत. शेजारची रुचा मधला दगडी गडगा ओलांडून त्याच पडवीत यायची. दोन वर्षं.

१० फेब्रु.
बाबांना विचारलं, दार का बुजवलं? पेपरातून मान वर नाही. "घर आहे का धर्मशाळा? एक दार पुरतं."
म्हटलं, तुम्ही सदा समुद्रावर. घरात राहतो कोण?
"कॉलेज अर्धं टाकून राहणाऱ्याने हे विचारू नये."
ताट सरकवून उठलो.

१३ फेब्रु.
घरात वावरायचं कळेनासं झालंय. आंघोळ झाली की मागनं बाहेर पडायचो. आता टॉवेलवर हॉलमधून, सोफ्यावर बाबा. सवयीने दोनदा त्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. रुचाला मेसेज टाकले. वाचलेत, उत्तर नाही. तिलाही बाबांनीच काही सांगितलं असणार.

१५ फेब्रु.
रुचाच्या अंगणात पुण्याच्या नंबरची गाडी. सकाळपासून. तिची आई मोठ्याने हसतेय. पाहुणे कसले? रुचाला बघायला तर नाही? पडवीतून त्यांचं अंगण सरळ दिसायचं. आता गच्चीवर टाकीमागे लपून बघावं लागतं. चोर दिसत असेन.

१६ फेब्रु.
गवंडी गिलावा करायला आला. बाबांनी नेमकं काय सांगितलं, विचारलं.
"बाबा? ते तर म्हणत होते असूं दे दार. वहिनींनी बुजवायला लावलंनी."
आईने?
ती विळीवर बांगडे साफ करत होती. "तू?" म्हटलं.
"मी." हात थांबला नाही. "लग्न होऊन आले तेव्हापासून दर महिन्याला सासूबाई मला त्या पडवीत बाजूला बसवायच्या. घोंगडी नि तांब्या. ताट लांबून सरकवायच्या. त्या दारातून मी माझीच चूल बघत बसायचे. घर हातात आलं की आधी ती पडवी पाडायची, ठरवलेलं होतं."
"आणि माझं काय?"
"तुझं काय?" मग हळूच, "ती यायची ते ठाऊक आहे हो मला. स्वयंपाकघर तिथेच आहे ना."
विश्वास बसतोय, आणि नाही. एका भिंतीत दोन कामं केली असतील आईने. त्या पडवीत मी दोन वर्षं बसलो, आई तिथे कधी टेकलेली पाहिली नाही. लक्षातच…

१८ फेब्रु.
रुचा जेटीवर भेटली. म्हटलं, आता येणार कशी?
"नाही येणार. मला ते दार कधी आवडलंच नाही. बांगड्या वाजतील म्हणून मनगट धरून यायचं."
"बोलली नाहीस कधी."
"तू बोलू दिलंस? पडवीत बसलास की तुझंच सुरू."
डोकं फिरलं. विचारलं, ती गाडी कोणाची?
"घरी येऊन विचार. पुढून. आमच्या दाराला बेल आहे."
जाताना हसली. कशाला हसली?

२० फेब्रु.
गाडी परत आलीय. इस्त्रीचा शर्ट घातला. बाबा सोफ्यावर.
"कुठे?"
"शेजारी."
"शेजारी जायला बूट?"
आतून आई, "जाऊ दे हो त्याला."
म्हणजे तिला काहीतरी माहीत आहे. गाडीचं? विचारायला वळलो तर तिने नळ सोडला.
पुढच्या पायरीवर बसून लिहितोय. आमचं पुढचं दार जड, जोरात ओढल्याशिवाय लागत नाही. ओढलं. आवाज साऱ्या आळीत गेला. रुचाच्या खिडकीचा पडदा हलला. कोणी हलवला, दिसलं नाही.