तक्रार नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

तुर्भ्याच्या या छोट्या हॉस्पिटलात आज रुजू झाले. खाली ट्रकांची रांग, वर आमचा अकरा खाटांचा पुरुष वॉर्ड. पगार बरा, ड्युटी सकाळची, वर चहा फुकट, म्हणजे सोन्याहून पिवळं! इन्चार्ज मंजुषा सिस्टर तेवढ्या तिरसट आहेत. माझं नाव ज्ञानेश्वरी ऐकून म्हणाल्या की इथे पारायण नको, काम हवं. मी हसले, त्या हसल्या नाहीत.

सात नंबरला हौसेराव आहेत. बाजारात माथाडी काम करतात, पायावरून भरलेली हातगाडी गेली, गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे. माणसं साताऱ्याकडची निघाली आणि मी कोरेगावची. मग काय, त्यांच्या बायकोनं, वेणूबाईंनी, मला लगेच लेक करून टाकलं.

एक गोष्ट खटकली. डॉक्टरांच्या राउंडला उशीर नको म्हणून मंजुषा सिस्टरनी सकाळी आठलाच सगळ्यांचे दिवसभराचे शेरे माझ्याकडून लिहून घेतले. अकरा कागद, अकरा वेळा तेच: झोप चांगली, तक्रार नाही. कुणाला विचारलंसुद्धा नाही. पहिलाच दिवस, कशाला वाकड्यात शिरा, म्हणून मी लिहिलं. मोत्यासारखं अक्षर म्हणून कौतुकही करून घेतलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हौसेराव सकाळपासून कण्हत होते. वेणूबाई म्हणाल्या, पाय आतनं जळतूया म्हनत्यात, पन कुनी बघंना. प्लास्टरबाहेरची बोटं चेपून पाहिली. गार, निळसर. मी कागदावर ठसठशीत लिहिलं: असह्य वेदना, बोटं गार, डॉक्टरांनी लगेच पाहावं.

डॉक्टरांनी कागद वाचला आणि पुढच्या खाटेकडे निघाले. मी आडवी गेले. त्यांनी तो माझ्या नाकासमोर धरला. झोप चांगली, तक्रार नाही. अक्षर माझं, सही माझी, शाई अजून ओली.

नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, रुग्णाला बोलता येत नसेल तर नर्सनं त्याचं तोंड व्हायचं. उद्या तोंडानंच सांगणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

वॉर्डात आज कुणी कण्हलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हौसेरावांनी तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा फुगल्या, आवाज नाही. अकराही खाटांवर तसंच. मी सोमवारी लिहिलेलं खरं होतंय. दुखणं तसंच आहे, तक्रार गेली!

मी बोलायला गेले, तर माझ्याच तोंडून गोड आवाजात निघालं की सात नंबर छान आहे. डॉक्टर खूश झाले. वेणूबाईंनी माझं मनगट पिरगाळलं. लेक म्हनलं तुला, आन् तूच त्यांचं त्वांड शिवलंस, म्हणाल्या. काय सांगू त्यांना? लाज वाटते.

मंजुषा सिस्टर पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, एकदा लिहिलंस ना, आता हात वॉर्डचा झाला. टेन्शन नको घेऊस, सवय होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हौसेरावांची बोटं काळी पडली. ताप. वास येतोय.

वेणूबाई त्यांना दुसरीकडे न्यायला निघाल्या. गेटवर वॉचमननं अडवलं — कागदावर तक्रार नाही, मग नेता कशाला?

सात वेळा खरं लिहिलं, सात वेळा तेच उमटलं. अकराजण माझ्याकडेच बघतात. घरी मात्र हात अजून माझा आहे. ही वही वॉर्डात कधी नेली नाही म्हणून असेल —

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळचे सहा. सारसोळ्यातली माझी खोली. हे पान फाडून वेणूबाईंना देणार, थेट पोलिसांना दाखवा म्हणून. उजव्या हातावर आता भरवसा नाही. डाव्यानं लिहितेय. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला — पण माझं आहे.

मी, ज्ञानेश्वरी, लिहून देते. हौसेरावांचा पाय सडतोय. सोमवारी मी न विचारता खोटं लिहिलं. चूक माझी. त्यांना आजच हलवा, नाहीतर जीव —

अक्षर सुधारतंय. डाव्या हाताचं. मोत्यासारखं —

वेणूबाई, कागदाची वाट बघू नका, गेट मोडा, त्यांना उचला, त्यांना फार — फार —

फार चांगली झोप लागली. तक्रार ना