मेहनतीतलं पाणी

कोडोली,
मार्च २००६

प्रिय अनू,

फोनच केला असता, पण फोनवर मी पाण्याचा विषय काढला की तुझी रेंज जाते. पुण्यात एवढे टॉवर असून ती बरोब्बर त्याच वेळेला कशी जाते, कोण जाणे! पत्राला रेंज लागत नाही आणि ते मधेच ठेवूनही देता येत नाही. तेव्हा बस खाली आणि वाच.

परवा तुझ्या खोलीतल्या प्रीतीनं मला फोन केला. तिच्यावर डाफरू नकोस, भली पोर आहे, बोलता बोलता रडवेली झाली होती. म्हणाली, काकू, रविवारी आम्ही सायकल आणि पळणं जोडून केलं, ऊन नुसतं मी म्हणत होतं, आणि अनुजाची पाण्याची बाटली नेली तशी भरलेली परत आली. मी गॅसवर दूध ठेवलं होतं, ते उतू गेलेलंही मला कळलं नाही. म्हणजे वर्ष झालं तरी तू अजून तिथंच आहेस की! येत्या रविवारी वेंगुर्ल्याची शर्यत. तोच समुद्र, तोच डांबरी रस्ता, तेच कोकणातलं ऊन. पोहणं, सायकल आणि पळणं एका दमात, आणि माझी लेक त्यात पुन्हा कोरड्या घशानं उतरणार. 

गेल्या वर्षीचं तुला फारसं आठवत नाही. मला सगळं आठवतं. समुद्रातून तू पहिल्या चौघींत बाहेर आलीस तेव्हा मी आणि मावशी घसा फाटेस्तोवर ओरडलो. सायकलवरनंही मागं पडली नाहीस. पळताना वाटेतल्या दर पाण्याच्या टेबलावर तू ग्लास उचलत होतीस, म्हणून मी निर्धास्त होते. मग एका टेबलाजवळ जाऊन उभी राहिले तर काय, तू चूळ भरून थुंकत होतीस! तालमीतली पोरं करतात अगदी तशी. पाणी वाटणाऱ्यांना वाटलं, पोरगी प्याली. त्यांना काय माहीत, वस्तादाची लेक पाणी तोंडात घेते, घशाखाली उतरवत नाही. शेवटच्या वळणावर सगळ्या डावीकडं वळल्या आणि तू सरळ वाळूत गेलीस. डोळे उघडे होते तुझे, पण त्या डोळ्यांत तू नव्हतीस. मी हाका मारत धावले तोवर पडलीस.

दवाखान्यात तुझी लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगातले स्नायू तुटून त्याचा गाळ मूत्रपिंडांत बसलाय, या खेपेला सुटली, परत असं केलं तर मूत्रपिंडं हातची जातील. हे तूही ऐकलंस. मान डोलावलीस आणि गावात येऊन शाल-नारळ घेतलास! पेपरात आलं, शुद्ध हरपेपर्यंत झुंजणारी रणरागिणी. ग्रामपंचायतीपुढं मांडव घातला, हंबीरराव वस्तादांच्या जिद्दी लेकीचा सत्कार. मला त्या मांडवात उठून ओरडावंसं वाटत होतं, की अरे मुडद्यांनो, टाळ्या कसल्या वाजवताय, पोर मरत होती माझी! पण बायकांच्या रांगेतनं उठले नाही. तुझ्या कपाळाला लावलेलं कुंकू घामानं ओघळत होतं, तेवढं बघत राहिले.

तुझ्या वस्ताद बापाचा, आबांचा नियम मला लग्न होऊन आल्यापासून पाठ आहे. मेहनत चालू हाय तोवर पाणी न्हाय. पाण्यानं दम तुटतो, अंग जड होतं. फार तर चूळ भरावी. मेहनत संपली, घाम सुकला, की मग म्हशीचं दूध. त्यांच्या वस्तादानं त्यांना सांगितलं, त्या वस्तादाला त्याच्या वस्तादानं. तू परकर खोचून कालव्याच्या कडेनं तालमीच्या पोरांमागं पळायचीस. त्यातल्या आकारामनं एकदा गुपचूप कालव्याला ओंजळ लावली तर आबांनी त्याला भर गावात तालमीच्या दारात उभा केला होता. तू प्याली नाहीस म्हणून तुझ्या पाठीवर थाप मारली, पोरीत दम हाय म्हणाले. त्या एका थापेवर तू आजवर पळतेस, मला काय कळत नाही व्हय? पण ती पोरं पहाटेच्या गारव्यात मेहनत करायची आणि घरी येऊन आडवी व्हायची. तू सकाळी समुद्रात शिरतेस ती दुपारच्या उन्हात पळतच असतेस. हे दोन्ही सारखं कसं असेल गं? माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईला कळतं, तुला कळू नये?

पुण्याच्या सराव शिबिरात मन घट्ट करायला शिकवतात, असं तू दिवाळीत सांगत होतीस. लांबचा रस्ता तुकड्यातुकड्यानं तोडायचा, पुढच्या खांबापुरता विचार करायचा, भीती वाटली की श्वास लांब सोडायचा. चांगलं आहे ते. मीही उसातलं तण भांगलताना पुढच्या सरीपुरताच विचार करते, फक्त मला शिकवायला कुणी सर नव्हते! पण तुझं मन आणखी घट्ट करायची गरजच नव्हती. दुसऱ्यांच्या पोरी मधेच सोडून देतात म्हणून त्यांच्या आया नवस बोलतात. माझी लेक सोडत नाही म्हणून मी जोतिबाला नारळ बोललेय. तहान ही मनाची लबाडी असते, असं मला ऐकवलंस. लबाडी नव्हे बाई. गोठ्यात म्हैस दावं ओढायला लागली तर आपण बादली घेऊन धावतो, तिच्या मनाची परीक्षा घेत बसत नाही. स्वतःला म्हशीएवढी तरी माया कर की.

प्रीतीचं बोलणं मी आबांच्या कानावर घातलं. तुला माहीत नाही, दवाखान्यात ते तुझ्या खोलीत का आले नाहीत ते. दाराच्या काचेतनं सलाईनच्या बाटलीकडं बघत उभे होते. मला एवढंच म्हणाले, पाणीच चढवायल्यात की गं तिला. त्यानंतर वर्षभर त्या विषयावर ब्र काढला नाही. परवा ऐकलं आणि भरल्या ताटावरनं उठले. दुसऱ्या दिवशी घागर खांद्यावर घेऊन तालमीत गेले, लाल मातीच्या हौद्याच्या कडेला ठेवली आणि जोर मारणाऱ्या पोरांना थांबवून म्हणाले, प्या. पोरं हसायला लागली. त्यांना वाटलं, वस्ताद परीक्षा बघायल्यात. एकानंही हात लावला नाही. मग स्वतः हौद्यात उतरून दंड काढायला लागले, या वयात! घामाघूम झाले, आणि सगळ्यांच्या देखत तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्याले. हे सगळं मला आकारामनं सांगितलं.

तुला फोन करा म्हटलं. उचलला, ठेवला. परत उचलला, परत ठेवला. काय बोलू तिला, असं मलाच विचारायला लागले. जन्मात ज्या माणसानं माघार घेतली नाही, तो आता शब्द कुठनं आणेल? मला आधी संताप आला होता, चार शब्द सुनावणारही होते. पण त्यांनी तिसऱ्यांदा फोन उचलला तो उलटाच कानाला लावला, मग मीच फोन बाजूला सरकवला.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. आबा शनिवारच्या एसटीनं आजऱ्यावरनं वेंगुर्ल्याला निघालेत. शाळेतल्या पीटीच्या सरांकरवी शर्यतवाल्यांना फोन लावून त्यांनी पाण्याच्या टेबलावर काम मागून घेतलंय. पळण्याच्या वाटेवरचं शेवटचं टेबल. तुला कळू द्यायचं नाही, अशी मला शपथ घातलीय. ती मी मोडतेय, कारण तू कशी पळतेस ते मला ठाऊक आहे. खाली मान घालून येशील, कुणाच्या तोंडाकडं न बघता ग्लास ओढशील, चूळ थुंकशील आणि निघून जाशील. ग्लास कुणी दिला, ते तुला कळणारही नाही. त्यांना मात्र कळेल, आणि ते तिथंच खचतील. तेव्हा त्या टेबलाशी मान वर कर. समोर वस्ताद असतील. त्यांच्या हातचं पाणी, त्यांच्या डोळ्यांदेखत गिळ. आणि एक ध्यानात ठेव, अनू. शेवटच्या टेबलावर बापाला ओळखायचं असेल, तर आधीच्या सगळ्या टेबलांवर पिऊनच तिथवर यावं लागेल.

जीव मुठीत धरून बसलेली,
तुझीच
आई