गाईड वाजवून घ्यावं

१६ जून
मोहिनी बारावी सायन्सला गेली. सकाळी म्हणाली, पप्पा, कॉलेजचे सर म्हणतात गणिताच्या सरावाला एखादं चांगलं गाईड घ्या. तिला इंजिनिअरिंगला जायचंय. मी गमतीने म्हणालो, गणित राहिलं तर आपलं भांड्यांचं दुकान आहेच. ती हसली नाही.
गाईडचा विषय माझ्याकडे, असं घरात जाहीर केलं. कारण अनुभव. माझं बारावीचं गणित फैजपूरला राहिलं ते केवळ हिरव्या कव्हरच्या गाईडमुळे. भिकार गाईड. नाहीतर आज ताटवाट्या विकत बसलो नसतो, दीपनगरला पॉवर स्टेशनात साहेब असतो. हे मी आजवर शंभर लोकांना सांगितलंय, कोणीही खोडून काढलेलं नाही.
ठराव: मी स्वतः तपासल्याशिवाय एकही गाईड पोरीच्या हातात पडणार नाही.

२४ जून
नूरभाईंच्या पुस्तकाच्या दुकानातून तीन गाईडं आणली. लाल, निळं आणि जाड. मी पातेलं घेताना वाजवून, वजन करून, कडेवरून बोट फिरवून घेतो. तसंच केलं. नूरभाई बघत राहिले.
त्यांनी हिरवंही पुढे केलं. म्हणे नव्या सिलॅबसचं आहे. मी हात जोडले. तरी त्यांनी ते पिशवीत टाकलंच, वरून भेट म्हणून. घरी आल्यावर ते मोहिनीच्या पलंगाच्या आखूड पायाखाली सरकवलं. पलंग डुगडुगायचा थांबला. प्रत्येक पुस्तकाची एक लायकी असते.
बाकी तिन्ही कपाटात. किल्ली खिळ्याला. ती फक्त मी घेतो.

२ जुलै
लाल गाईडपासून सुरुवात. पहिलं प्रकरण लॉजिक. काय सुंदर विषय. आकडेच नाहीत, नुसती वाक्यं. 'असं असेल तर तसं होतं' या वाक्याचा चार ओळींचा तक्ता असतो. तीन ओळींत वाक्य खरं निघतं. खोटं फक्त एका ओळीत: असं असूनही तसं झालं नाही तर.
उदाहरण मी स्वतःचं घेतलं. 'गाईड वाईट असेल तर मूल नापास होतं.' गाईड वाईट होतं, मी नापास झालो. वाक्य खरं. खोटं पाडायचं तर वाईट गाईडवर पास झालेलं मूल आणून दाखवावं लागेल. अख्ख्या खानदेशात सापडणार नाही.

१९ जुलै
दुसरं प्रकरण मॅट्रिक्स. चौकटीत आकडे, आणि ते सरळ गुणायचे नाहीत, आडवे-उभे गुणायचे. सात वेळा वाचलं. लेखकाला समजावता येत नाही. लाल बाद.
उद्यापासून निळं. तुलना न्याय्य व्हावी म्हणून पहिल्या प्रकरणापासून.

११ ऑगस्ट
निळ्यातलं लॉजिक चार दिवसांत संपवलं. वेग वाढलाय. मॅट्रिक्सशी आल्यावर हाही लेखक ढेपाळला. पण निळ्याचा कागद चांगला आहे, म्हणून आणखी एक संधी.
मोहिनीने विचारलं, झालं का तपासून? म्हटलं, महिनाभर दे. पुष्पा पोळ्या लाटत होती. ती धुळ्याची, रागावली की माहेरचं बोलते. म्हणाली, "परीक्षा तुमनी शे का पोरनी?" स्वयंपाकघरात शैक्षणिक चर्चा करू नये.

४ सप्टेंबर
फसवणूक उघड! आज निळं गाईड सहज पुढे चाळलं. व्हेक्टरच्या प्रकरणात पेन्सिलच्या खुणा. एका पानावर हळदीचं बोट. मध्ये केसांची पिन. म्हणजे नूरभाईंनी मला वापरलेला माल नवा म्हणून विकला.
तडक दुकानात. नूरभाई शांत माणूस. त्यांनी पिन उचलून निरखली. मग विचारलं, घरी कोण कोण असतं? म्हटलं मी, बायको, मुलगी. पण कपाटाला कुलूप असतं, किल्ली खिळ्याला असते, कोणी हात लावत नाही. त्यांनी 'अच्छा' म्हटलं आणि वाद न घालता कोरी प्रत दिली. चोराला तोंड नसतं म्हणणार होतो, पण पिढ्यांचे संबंध.
घरी सगळी हकिकत सांगितली. मोहिनी एवढंच म्हणाली, निळं परत केलं? आणि ताटावरून उठली. पोरीला ॲसिडिटी आहे, ओवा द्यायला हवा.

२१ सप्टेंबर
कोरी प्रत सुरक्षिततेसाठी दुकानात, गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये. प्रत बदलली म्हणून तपासणी पुन्हा पहिल्यापासून. लॉजिक तिसऱ्यांदा. आता तक्ते तोंडपाठ. गिऱ्हाईकालाही सांगतो. एका बाईंना म्हणालो, डबा गळत असेल तर तो आमचा नव्हे. त्यांनी डबाच काढून दाखवला, खाली आमचं नाव ठोकलेलं. विषय बदलला.

८ ऑक्टोबर
मोहिनीचा पलंग परत डुगडुगतोय. फरशी खचली असणार. वाकून बघणार होतो, पण कंबर. मोहिनी म्हणाली, तुम्ही राहू द्या पप्पा, मी बघते. जुनी चप्पल कापून पायाखाली घातली. चुणचुणीत पोरगी. फक्त योग्य पुस्तक मिळायला हवं.

२ नोव्हेंबर, धुळे
दिवाळीला सासरवाडी. तिथे शेजारी तोताराम सर राहतात, जन्मभर गणित शिकवलं. त्यांना लाल आणि निळ्या गाईडचा तुलनात्मक अहवाल ऐकवला, जाड अजून बाकी असल्याचंही सांगितलं. म्हटलं, आता सांगा कोणतं? म्हणाले, जे ती पूर्ण करील ते. मग चकली घ्या म्हणाले. सर थकलेत. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही.

१२ डिसेंबर
जाड गाईड. लॉजिक एका बैठकीत. मॅट्रिक्स हा विषयच बहुधा चुकीचा आहे.
रविवारी मित्रांसोबत मेहरूण तलावाकडे भरीत पार्टी. वांगी भाजेपर्यंत सगळ्यांना तक्ता समजावला. वांगी करपली.

२० जानेवारी
प्रिलिमचा निकाल. ऐंशीपैकी एकेचाळीस. व्हेक्टर अर्धवट, इंटिग्रेशन कच्चं. मोहिनी गॅलरीत जाऊन उभी राहिली. पाठ आमच्याकडे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, बेटा, तुझा दोष नाही, बिनगाईडचं दुसरं काय होणार. ती वळली, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन दार लावलं. हल्ली दार बरंच लावते.
निर्णय लवकर घ्यायला हवा. पण घाईत घेतलेलं भांडं गळतं.

१९ फेब्रुवारी
निर्णय झाला! निळं. कागद, बांधणी, वजन, सगळं बघून. देवापुढे ठेवून, कुंकू लावून मोहिनीला दिलं. म्हटलं, आता डोळे मिटून अभ्यास कर. ती म्हणाली, थँक यू पप्पा, पेपर परवा आहे.
म्हणजे वेळेत दिलं.

२१ फेब्रुवारी
पेपर. मी केंद्राबाहेर उभा. इतर बापांना विचारलं कोणतं गाईड. कोणाला माहीत नव्हतं. बेफिकीर लोक. बाहेर आल्यावर मोहिनी म्हणाली, बरा गेला. निळ्या गाईडबद्दल काही बोलली नाही. दमली असेल.

५ मे
निकाल! गणितात अठ्ठ्याऐंशी! शंभरपैकी! मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि रडलो. मग पेढे. गल्लीभर सांगितलं, निळं घ्या, निळंच. पेढे घेऊन नूरभाईंकडेही गेलो, म्हटलं, माझी पारख बघा. ते म्हणाले, "भाऊ, मुबारक. पोरीला माझ्याकडून केसांच्या पिना द्या." आणि एक पाकीट हातात ठेवलं. कशाबद्दल ते कळलं नाही.

६ मे
आज कळलं.
पुष्पाने उन्हात घालायला मोहिनीची गादी काढली. खाली हिरवं गाईड. फुगून दुप्पट झालेलं. पान न् पान रंगवलेलं, समासात गणितं, मॅट्रिक्सवर 'सोपं आहे' असं लिहिलेलं. इंटिग्रेशनवर हळद. निळं तिथेच बाजूला, कुंकवासकट, कोरं.
मी गाईड हातात धरून उभा. मोहिनी म्हणाली, "पप्पा, तुम्ही दुकानात गेलात की मी कपाटातून निळं काढायची. तुम्ही ते परत केलंत तेव्हा व्हेक्टर अर्ध्यात होतं. मग तुम्ही कधीच उघडणार नाही असं एकच पुस्तक घरात उरलं होतं."
रागावून नाही म्हणाली. तेच वाईट. मला म्हणावंसं वाटलं की पोरी, तुझे पाच महिने मी गल्ल्यात कुलूप लावून ठेवले. म्हणालो, पेढे उरलेत का.

७ मे
दुकान. गिऱ्हाईक नाही. वहीच्या मागे तक्ता मांडला. 'गाईड वाईट असेल तर मूल नापास होतं.' गाईड वाईट: खरं. मूल नापास: खोटं. वाक्य: खोटं. लाल, निळं, जाड, तिन्हींत पडताळलं. या एका बाबतीत तिन्ही लेखकांचं एकमत आहे.
म्हणजे माझं गणित राहिलं ते गाईडमुळे नव्हे. मग कशामुळे? विचार केला. फैजपूरला माझ्या खोलीत पंखा नव्हता. मार्चचं ऊन, केळीचा पट्टा, दमट हवा. अशात कोणाचा अभ्यास होणार. हे आजवर कोणी लक्षात घेतलेलं नाही. संध्याकाळी मोहिनीला सांगायला हवं.

संध्याकाळी
सांगितलं नाही. पंखा होता.