वाळूसारखी निरुपद्रवी राख

४ एप्रिल

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुट्टीसाठी तुझ्या भिंगरीची खोली तयार आहे. गादी दोनदा उन्हात घातली, दोन्ही वेळा तुमच्या कंपनीच्या वीजकेंद्राची राख तिच्यावर बसली. सकाळ-संध्याकाळ मी पिसांच्या झाडणीने खिडक्या झोडपते. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर बोट फिरवून धूळ तपासायच्या. साठी उलटली तरी ती धास्ती गेलेली नाही.

गेल्या वर्षी कंपनीच्या इथल्या सभेत तू माइकवर सांगितलंस, की ही राख वाळूसारखी निरुपद्रवी आहे. शेजारीण त्या भरवशावर अजून खिडकी उघडी टाकून बसते, आणि खोकते.

तुझी लेक कोणत्या गाडीने येणार ते कळव. वर्षभर या घरात आवाज चढवणारं कुकरशिवाय कोणी नसतं.

तुझी,
ताई

१५ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

भिंगरीचा पोहण्याचा क्लास निघाला आहे, यंदा जमेलसं वाटत नाही. आत्याकडेच जायचं म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं आहे.

राखेची चिंता करू नकोस. मात्र झाडणी बंद कर, ओल्या फडक्याने पूस. खिडक्या लावून घे. जिना चढताना दम लागतो का, तेही सहज कळव.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

धाकटा

२१ एप्रिल

चि. धाकट्यास, आशीर्वाद. (या वेळी एकच.)

मला काय कुक्कुलं बाळ समजलास? वाळू पुसायला ओलं फडकं कशाला? कंपनीच्या प्रयोगशाळेत राख तपासणारा माणूस माझा दम सहज विचारतो? पोहण्याचा क्लास तिला दर सुट्टीत असतो, आणि दर सुट्टीत ती इथे येते.

सरळ विचारते. जी हवा तुझ्या पोरीला आठ दिवस चालत नाही, ती मला बारा महिने कशी चालते?

दम लागतो. खोकलाही आहे. सांगणार कोणाला होते?

ताई

२९ एप्रिल

ती. ताईस, सा. न.

तुला फसवणं मला लहानपणीही जमलं नाही.

डोळ्यांना दिसते ती जाडी राख. ती बहुतेक नाकाघशात अडकते. घातक असते ती दिसत नाही. कोळशातली माती भट्टीत वितळते आणि गार होताना तिच्या काचेसारख्या गोळ्या बनतात, काही केसाहून कितीतरी बारीक. धूर निवताना त्यातलं आर्सेनिक, शिसं या गोळ्यांवर चिकटतं. गोळी जितकी बारीक, तितकं वजनाच्या मानाने जास्त. धुराड्याआधीचं यंत्र बहुतेक राख पकडतं, पण अगदी बारीकातली थोडी निसटते. ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि लवकर बाहेर पडत नाही. खिडकीवर बसलेली तू झाडणीने पुन्हा हवेत उडवत होतीस.

सभेत मी जाड्या राखेचे आकडे वाचले. ते खरे होते. बारीक राखेबद्दल कोणी विचारलं नाही, साहेब पहिल्या रांगेत होते, मी खाली बसलो.

तू डॉक्टरांना छाती दाखव आणि आमच्याकडेच राहायला ये. तुझा हट्टच असेल, तर भिंगरीला पाठवतो.

रागावलीस तरी अंतर देऊ नकोस.

धाकटा

६ मे

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

पोरीला पाठवू नकोस. माझ्या एकटेपणावर औषध म्हणून तिची छाती नको. पण तिला क्लासची थाप मारू नकोस, आत्यालाच ती नकोशी झाली असं वाटेल तिला. राखेमुळे, म्हणून सांग. समजेल, तुझ्यापेक्षा शहाणी आहे.

छाती दाखवली. गोळ्या दिल्या आहेत, महिन्याने पुन्हा बोलावलंय.

तुझ्याकडे मी येणार नाही. मी निघून येईन रे, पण शेजारणीला भाऊ नाही. तुझं नाव घेऊनच ती खिडकी उघडी ठेवायची. काल मी जाऊन लावून आले. का, ते सांगताना मला तिच्याकडे बघवलं नाही.

या महिनाअखेरीस पुन्हा सभा आहे. ये, आणि मला लिहिलंस ते त्याच माइकवर वाच. नोकरीवर बेतेल, ठाऊक आहे. म्हणून हुकूम करत नाही, विचारते आहे. पहिल्या रांगेत साहेबांशेजारची खुर्ची मी आधीच जाऊन धरीन. वाचता वाचता थांबावंसं वाटलं तर माझ्याकडे बघ.

आदल्या संध्याकाळी मुक्कामाला ये. जमणार नसेल तर वेळेत कळव. दोघांचा स्वयंपाक करून एकटीने जेवायचा मला आता फार कंटाळा आलाय.

तुझी,
ताई