सिलिकॉनवरचा ठसा

२२ सप्टेंबर २०२५, सणसवाडी

आजपासून नोकरी! राहूतल्या आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. इथल्या छोट्या प्रयोगशाळेत, हवा काढून घेतलेल्या पोलादी पेटीत सिलिकॉनची चकती तापवतात आणि तिच्यावर चांदीची वाफ सोडतात. कुणी न सांगता चांदीचा प्रत्येक अणू आपली जागा शोधतो. षटकोनी नक्षी उमटते. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर ती पाहून माझे डोळे भरून आले. माझे वरिष्ठ जालिंदरमामा म्हणाले, "पोरी, रोज रडलीस तर मशिनला गंज चढंल."

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावलं. मामांनी बजावलं होतं, पेटीला बाहेरूनच लाव. पण खरं काम तर चकतीच करते ना? ते नारळ आणायला गेले तेव्हा मी हातमोजा काढला आणि पेटीत जायच्या चकतीच्या कडेला कुंकवाचं बोट टेकवलं. उघड्या बोटाने चकती बाद होते हे ठाऊक असूनही. मामांना सांगितलं नाही. पहिल्याच महिन्यात घरी पाठवलं तर?

३ ऑक्टोबर

पडद्यावर षटकोन नाहीत. अणू वळणावळणाच्या रेघांत बसलेत. बोटाचा ठसा, केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढा. मधोमध लहानपणी विळा लागल्याचा व्रण. माझाच. मामा म्हणाले, चकती खराब निघाली, दुसरी लाव.

६ ऑक्टोबर

नवी चकती. तिला मी शिवलेही नव्हते. तरी पाचही बोटं उमटली. सकाळी हजेरीच्या यंत्राने माझा अंगठा घेतला नाही. बोटं उजेडात धरली. एकही रेघ उरलेली नाही.

८ ऑक्टोबर

मामांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. माझे हात पाहून मागे सरले. त्यांनी पेटीची वीज बंद केली — पडद्यावरचं चित्र चालूच. तळहात. मनगट. कोपर —

९ ऑक्टोबर

मोबाईल माझा चेहरा ओळखत नाही. पडद्यावर हनुवटी. ओठ —

१० ऑक्टोबर

फोन लागेना म्हणून आई आली. फाटकाशी मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला. "माझी सुलक्षणा हितं कामाला हाय. तिला बोलवा की, बाई."

मी म्हणाले, आई, मीच. ती माझ्या खांद्यावरून आत बघून हसली. "ही काय आली!"

मला ओलांडून गेली. फाटकाला टेकून लिहितेय. मागे वळत नाही. आई विचारतेय, बोटं एवढी गार कशी गं — आणि उत्तर माझ्याच आवाजात —