साच्याच्या वाळूची फाईल

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मला तुमच्याशी आपल्या त्या पहिल्या कॉम्प्युटरबद्दल बोलायचंय. जन्मभर माईकसमोर उभा राहिलो, भल्याभल्यांना तोंडावर सुनावलं, पण ही एक गोष्ट तुमच्यासमोर बोलता आली नाही.

शिरोलीच्या फाउंड्रीतून तुम्ही निवृत्त झालात त्याच वर्षी मी तो घरी आणला, पत्रकं आणि भाषणं लिहायला. महिनाभरात तुम्हीच त्याच्यासमोर बसायला लागलात. चटके खाऊन जाड झालेलं एक बोट एकेक अक्षर शोधत फिरायचं. लोखंड ओतायच्या साच्याची वाळू हातानं कशी ओळखायची, हे तुम्हाला लिहून ठेवायचं होतं. "कुठल्या पुस्तकात न्हाय ते," म्हणायचात, "माझ्यासंगं जाईल की." रोज दोन ओळी व्हायच्या. ज्ञान ही कुणाच्या बापाची मिरास नाही, असं मी सभेत गरजायचो, टाळ्या पडायच्या. मग तुमचं उदाहरण द्यायचो, आणखी पडायच्या.

पुढं ते यंत्र रखडायला लागलं. त्या दिवशी तीन कार्यकर्ते बाहेरच्या खोलीत चहा घेत बसलेत. दुसऱ्या दिवशी जयसिंगपूरला सभा आहे, पत्रक छापायला द्यायचंय, आणि मी दाबलेलं अक्षर पडद्यावर उमटता उमटत नाही. आतला पंखा घोंगावतोय. तुम्ही दारात उभे राहून मान तिरकी करून ऐकताय. "आत कायतरी लोड खातंय बघ," तुम्ही म्हणता. "एकेक बंद करून बघ की." त्यावर एक कार्यकर्ता हसतो, "आबा, ही काय तुमची भट्टी हाय व्हय?" त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. "तुम्हीच काहीतरी दाबून ठेवलंय," मी म्हणालो. "कळत नाही तिथं बोटं घालायची कशाला?" आवाज सभेतलाच होता. "मी कायबी केल्यालं न्हाय," एवढंच बोलून तुम्ही परसात पाण्याची मोटर चालू करायला गेलात.

तुमची रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. कॉलेजात असताना एकदा तुमचा डबा घेऊन फाउंड्रीत आलो होतो. विजेच्या मीटरचा काटा पार टोकाला टेकलेला, मालक ओरडत होता, आणि तुम्ही शांतपणे ब्लोअर बंद केलात, ग्राइंडर बंद केलात, मग वाळू कालवायचं यंत्र बंद केलंत. काटा खाली आला. "ह्याचं बेअरिंग धरलंय," म्हणालात. कुणावर आळ घेतला नाहीत.

तुमच्यावर ओरडलो त्याच्या दोन दिवसांनी कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घालून मी राजारामपुरीतल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या बाईंनी आत काय काय चालू आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. मी काहीच चालू केलं नव्हतं, तरी प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. त्यांनी एकेक गोष्ट बंद करत नेली आणि पडद्यावरच्या आलेखाची रेघ खाली आली. "दादा, दोन अँटिव्हायरस कुणी टाकल्यात?" त्यांनी विचारलं. "एक फाईल उघडली की दोघंबी तपासायला धावत्यात, वर एकमेकाच्या मागं लागत्यात. प्रोसेसरला उसंत कुठली?" एक, कॉम्प्युटर विकत घेतला त्या दुकानातूनच आलेला होता. दुसरा मासिकासोबत आलेल्या सीडीवरून मी घातला होता, कारण विषाणूंबद्दलचा एक लेख वाचून मला सगळं कळलं होतं.

घरी आलो. "काय झालतं?" तुम्ही विचारलंत. "काही नाही, मशीन जुनं झालंय," मी म्हणालो. जेमतेम वर्षाचं मशीन, आबा. "आता बसा की लिहायला," मी म्हणालो. "नगं," तुम्ही म्हणालात, "तुझं काम अडतंय." त्यानंतर तुम्ही त्या खुर्चीवर कधी बसला नाहीत, आणि मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

मशीनं बदलत गेली, तुमची फाईल मी प्रत्येक वेळी पुढं नेली, पण उघडली ती तुम्ही गेल्यावर. शेवटची ओळ आहे, 'वाळू मुठीत दाबून सोडावी, मग ती'. पुढं काय होतं, मला माहीत नाही. मी ती ओळ पुरी करायला किती वेळा बसलो, आबा. भाषणात सफाईनं पुरी केलीही एकदा, टाळ्याही पडल्या. ते मी रचलेलं होतं. मी आयुष्यात वाळू हातात धरलेली नाही.

हे सगळं तुमच्याच फाईलमध्ये लिहिलं, त्या ओळीच्या खाली. आता वाचल्यावर वाटतं, तिथंही मीच जास्त बोललोय.